कपाटावरची पाटी कोणी लिहिली?



विहाराच्या वर्धापनदिनाची ही स्मरणिका निघते आहे. तीत विहाराच्या स्थापनेविषयी आम्ही लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. पण ती हकिकत आमच्याहून वडीलधारी मंडळी जास्त चांगली सांगतील. त्यांनी डोक्यावरून विटा वाहिल्या आहेत. आम्ही तेव्हा लहान होतो. म्हणून आम्ही विहारातल्या एकाच वस्तूबद्दल लिहायचे ठरवले. ती वस्तू म्हणजे दाराशेजारी, आपण चपला काढतो तिथे उभे असलेले पुस्तकांचे लोखंडी कपाट.

कारण असे की, गेल्या बैठकीत त्या कपाटाचा विषय निघाला. नवी लादी बसवायची आहे, साखरपुड्याला-बारशाला जागा पुरत नाही, तेव्हा कपाट काढावे आणि पुस्तके गोणीत भरून माळ्यावर टाकावीत, असे ठरत होते. बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते. एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "काका, आता वाचतंय कोण? सगळं मोबाईलवर मिळतं." त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. शासनाने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड आज मोबाईलवर उघडतात, ही आनंदाचीच गोष्ट आहे. तरीही आम्ही हात वर केला आणि निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलायला लावला. का, ते तिथे पाच मिनिटांत सांगता आले नाही. ते इथे सांगतो.

तुमची पुस्तकं त्या कपाटात

आम्ही नववीपर्यंत शिकलो. पुढे गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो, रिंग खात्यात. पाळी सुटल्यावर कानात यंत्रांचा आवाज घुमत राहायचा, झोप लागायची नाही. तेव्हा विहारात येऊन बसायचो आणि याच कपाटातले काहीबाही वाचायचो. आमची शाळा म्हणाल तर ती हीच.

त्या तरुणपणात आम्ही एकदा एका सार्वजनिक वाचनालयात गेलो. वाचनालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिला, हे एका भाषणात ऐकले होते. गिरणीत रोज महागाई भत्त्याचे हिशेब चालत. पैशाची किंमत कमीजास्त कशी होते, हे बाबासाहेबांकडूनच समजून घ्यावे, असे वाटले. टेबलापाशी बसलेल्या गृहस्थांना पुस्तकाचे नाव सांगितले. त्यांनी रजिस्टर उघडले नाही. आमच्याकडे एकवार पाहिले आणि म्हणाले, "तुमची पुस्तकं त्या शेवटच्या कपाटात."

शेवटच्या कपाटावर पाटी होती : 'मागासवर्गीय'. आत बाबासाहेबांचे चरित्र होते, अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' होती, बुद्धवंदनेची पुस्तिका होती, एक कथासंग्रह होता आणि वसतिगृहाच्या प्रवेशाची सरकारी माहितीपत्रके होती. चरित्र, कादंबरी, धर्म आणि सरकारी कागद, सगळे एकाच फळीवर. मग अर्थशास्त्राचे कपाट पाहिले. तिथे बाबासाहेब नव्हते. रुपयाचे पुस्तक कुठेच नव्हते.

आता नीट विचार करा. आम्हाला कोणी हाकलले नव्हते. वर्गणी सगळ्यांइतकीच घेतली, बसायला खुर्ची दिली, डोक्यावर पंखा फिरत होता. मग टोचले काय? ते आम्हाला तेव्हा सांगता आले नसते. पुढे वाचत गेलो, शिकलेल्या माणसांना विचारत गेलो, तेव्हा कळले की हे दुखणे आमच्या एकट्याचे नाही. समुद्रापलीकडच्या माणसांनाही ते झाले, आणि त्यांनी त्यावर औषध शोधले. तोच इतिहास आपल्या घराघरांत पोचावा, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी दाराचा प्रश्न

ग्रंथालयाच्या इतिहासात पहिला प्रश्न दाराचा. आत कोणी यायचे आणि कोणी नाही?

आपल्याकडे ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा प्रसिद्ध ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. त्याच ठरावाच्या आधारे पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे आपल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण त्या ठरावातली यादी सावकाश वाचा. तीत वाचनालयाचे नाव वेगळे घेतलेले नाही. पाणी, निवारा, शाळा, औषध इथपर्यंत यादी पोचली. शाळा सुटल्यावर माणसाला पुस्तक लागते, हे त्या यादीत आले नाही.

ते बाबासाहेबांच्या ध्यानात होते. २० जुलै १९२४ रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या उद्देशांत वसतिगृहांबरोबर वाचनालये आणि अभ्यासवर्ग काढणे हेही लिहिलेले आहे. सभेजवळ पैसा नव्हता, जागा नव्हती, तरी कागदावर पहिल्या दिवसापासून वाचनालय होते. म्हणजे आपल्या दाराशेजारचे कपाट हे कोणाच्या हौसेखातर आलेले नाही. त्याला वंश आहे, परंपरा आहे.

बडोद्याचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल बोलावून आपल्या राज्यात मोफत ग्रंथालयांचे जाळे विणायला सुरुवात केली. पेट्यांत भरून पुस्तके खेड्यांत जात. असे काम तेव्हा हिंदुस्थानात कुठे नव्हते, आणि महाराजांचे हे ऋण मानलेच पाहिजे. त्यांच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेला गेले. पण १९१७ साली तेच बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून कागद फेकत. प्यायला पाणी मिळेना, राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. ग्रंथालयांचे राज्य आणि त्या राज्यातला सगळ्यांत विद्वान अधिकारी रस्त्यावर! राजाने पुस्तके वाटली म्हणून कारकुनाचे मन बदलत नाही, एवढे यावरून समजावे.

अमेरिकेतले दार

बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ शिकले. तिथल्या ग्रंथालयात त्यांना कोणी जात विचारली नाही. पुढे लंडनला ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयातही त्यांनी तासन्‌तास अभ्यास केला. म्हणून आपल्यापैकी पुष्कळांना वाटते की तिकडे सगळेच आलबेल होते. तसे नव्हते. त्याच अमेरिकेत कृष्णवर्णीय माणसाला दक्षिणेकडच्या गावोगावी सार्वजनिक ग्रंथालयाचे दार बंद होते. कर त्याच्याकडून घ्यायचा, पुस्तक मात्र गोऱ्यांना.

व्हर्जिनिया राज्यात अलेक्झांड्रिया नावाचे शहर आहे. नदीच्या पलीकडे वॉशिंग्टन, म्हणजे देशाची राजधानी. तिथे १९३७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालय उघडले, फक्त गोऱ्यांसाठी. सॅम्युअल विल्बर्ट टकर नावाच्या एका तरुण कृष्णवर्णीय वकिलाने मोहीम आखली. २१ ऑगस्ट १९३९ रोजी पाच तरुण स्वच्छ कपडे करून एकेक करत ग्रंथालयात गेले. प्रत्येकाने सभासद करून घ्या म्हणून नम्रपणे विचारले. नकार मिळाला. मग प्रत्येकाने कपाटातून एक पुस्तक घेतले, वेगवेगळ्या टेबलांशी बसला आणि शांतपणे वाचू लागला. घोषणा नाही, दगड नाही. पोलिस आले आणि शांतता भंग केली म्हणून पाचही जणांना पकडून नेले. शांतता भंग कशाने, तर गुपचूप पुस्तक वाचण्याने!

आमच्या दृष्टीने हे त्यांचे महाड. महाडला ओंजळभर पाणी, इथे हातात पुस्तक. पण पुढे काय झाले तेही पाहा. १९४० मध्ये शहराने कृष्णवर्णीयांसाठी वेगळे, छोटे ग्रंथालय काढून दिले. टकर यांनी त्या वेगळ्या ग्रंथालयाचे कार्ड घ्यायला नकार दिला. आम्हाला मूळ दार हवे आहे, वेगळी विहीर नको, हा त्याचा अर्थ. पाच तरुणांवरचे आरोप न्यायालयाने रीतसर काढून टाकले ते १९३९ नंतर तब्बल ८० वर्षांनी, २०१९ मध्ये.

ग्रंथपालांच्या संघटनेचे वर्तनही फार उजळ नव्हते. १९३६ साली अमेरिकन ग्रंथालय संघटनेचे अधिवेशन रिचमंड शहरात भरले, तेव्हा कृष्णवर्णीय ग्रंथपालांना वेगळे बसवले गेले. त्यावर टीका झाली, तेव्हा असा भेदभाव चालतो तिथे पुन्हा अधिवेशन घ्यायचे नाही, असे संघटनेने ठरवले. तरी गावोगावची दारे बंदच राहिली. मिसिसिपीच्या जॅक्सन शहरात २७ मार्च १९६१ रोजी टुगालू कॉलेजचे नऊ विद्यार्थी गोऱ्यांच्या ग्रंथालयात जाऊन वाचायला बसले, त्यांनाही अटक झाली. "ग्रंथालय तटस्थ असते, त्याला राजकारण नसते," असे पुष्कळ शहाणे म्हणतात. बंद दारापाशी तटस्थ उभा राहणारा माणूस कोणाच्या बाजूचा असतो, ते तुम्हीच ठरवा.

दार उघडले, पण फळी कोणती?

आता दुसरा प्रश्न, आमच्या दुखण्याचा. समजा दार उघडले. आत पुस्तक कोणत्या फळीवर ठेवायचे, त्यावर पाटी कोणती लावायची, हे कोण ठरवतो?

जगातल्या असंख्य ग्रंथालयांत पुस्तकांना जे आकडे देतात, ती पद्धत मेल्विल ड्युई या अमेरिकन माणसाने १८७६ मध्ये काढली. (बाबासाहेबांचे गुरू जॉन ड्युई ते वेगळे. घोटाळा करू नये.) सगळ्या ज्ञानाचे दहा भाग, प्रत्येकाचे पुन्हा दहा, अशी ती मांडणी. सोय मोठी झाली, यात शंका नाही. पण धर्माचा भाग उघडून बघा. २०० पासून धर्म सुरू होतो. त्यातले २२० ते २८० हे आकडे एकट्या ख्रिस्ती धर्माला. आणि जगातले उरलेले सगळे धर्म कुठे? २९० च्या एका घरात, 'इतर धर्म' म्हणून. त्या घरातही बौद्ध धम्माला स्वतःची खोली नाही. २९४ म्हणजे हिंदुस्थानात उगम पावलेले धर्म, त्यात २९४.३ हा बुद्ध आणि २९४.५ हा हिंदू धर्म. अडीच हजार वर्षांचा धम्म, अर्धी आशिया ज्याने उजळली, त्याला दशांश चिन्हाच्या पलीकडची जागा. गावाची रचना ज्याने पाहिली आहे त्याला हे समजावून सांगायला नको. मधे वाडे, आणि कडेला एकमेकांना चिकटून बाकीचे. अलीकडे या भागाची पर्यायी मांडणीही सुचवली गेली आहे, पण जुने आकडे लाखो पुस्तकांच्या पाठीवर चिकटलेले आहेत.

हे ड्युई कोण होते? १८८३ मध्ये ते कोलंबियाचे ग्रंथपाल झाले आणि १८८७ मध्ये त्यांनी तिथे ग्रंथपालांची पहिली शाळा काढली. स्त्रियांना तीत प्रवेश दिला, त्यावरून विश्वस्तांशी वाद झाला. हे श्रेय त्यांना दिले पाहिजे. पण त्यांनीच काढलेल्या लेक प्लॅसिड क्लबमध्ये ज्यूंना आणि कृष्णवर्णीयांना सभासदत्व नव्हते. त्याबद्दल १९०५ मध्ये ज्यू पुढाऱ्यांनी तक्रार केली, ठपका आला आणि त्यांना न्यूयॉर्कच्या राज्य ग्रंथपालाचे पद सोडावे लागले. स्त्रियांशी गैरवर्तनाच्या तक्रारीही त्यांच्यावर झाल्या. २०१९ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघटनेने आपल्या पदकावरून त्यांचे नाव काढून टाकले. माणूस मोठा काम करतो आणि त्याच हाताने भेदही करतो. दोन्ही लिहून ठेवले पाहिजे.

आता डोरोथी पोर्टर या बाईंची गोष्ट ऐका. आम्हाला तर त्यांच्याविषयी फार आदर वाटतो. जन्म १९०५, निधन १९९५. ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण त्यांनी कोलंबियातच घेतले. १९३० पासून त्या वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या नावाजलेल्या विद्यापीठात, ग्रंथसंग्रह सांभाळू लागल्या. इतर ग्रंथालयांत त्यांना काय दिसले? कृष्णवर्णीयांविषयीचे कोणतेही पुस्तक असो, ते एक तर ३२६ मध्ये, म्हणजे गुलामगिरीत, नाही तर ३२५ मध्ये, म्हणजे वसाहती आणि स्थलांतर यांत. कृष्णवर्णीय कवीचा कवितासंग्रहसुद्धा कवितेत नाही, ३२५ मध्ये! जणू त्या माणसाने गुलाम असणे किंवा कुठून तरी आलेला असणे, याखेरीज दुसरे काही केलेच नाही.

हे वाचले त्या दिवशी आम्हाला ते 'मागासवर्गीय' कपाट आठवले. रुपयावरचा ग्रंथ अर्थशास्त्रात का नव्हता, 'फकिरा' कादंबऱ्यांत का नव्हती, याचे उत्तर मिळाले. माणसाने काय लिहिले ते न बघता तो कोण, एवढेच बघून जागा द्यायची, ही ती रीत.

पोर्टरबाईंनी मोर्चा काढला नाही. त्यांनी आकडे बदलले. कवीला कवितेत बसवले, इतिहासकाराला इतिहासात, संगीतकाराला संगीतात. पैसे नव्हते तर प्रकाशकांना पत्रे लिहून पुस्तके मागितली. १९७३ मध्ये त्या निवृत्त झाल्या, तोवर तो संग्रह जगभरच्या अभ्यासकांसाठी खाण बनला होता. चाळीसहून जास्त वर्षे एकाच ठिकाणी बसून केलेले हे काम. आपल्याकडे अशा कामाला कोणी हार घालत नाही.

गिरणीतला दाखला

कोणी म्हणेल, एका आकड्याने काय बिघडते? पुस्तक मिळाल्याशी कारण. त्याला आम्ही गिरणीचा दाखला देतो. मुंबईच्या गिरण्यांचे दार आपल्या आज्या-पणज्यांना उघडे होते. हजारो अस्पृश्य कामगार गिरण्यांत होते. पण साचेखात्यात, जिथे पगार चांगला, तिथे त्यांना घेत नसत. का? धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून काढावा लागे, आणि महाराच्या तोंडाचा धागा इतरांना चालत नसे. १९२८-२९ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला. म्हणजे दार उघडे होते, पण आत गेल्यावर तुझे खाते कोणते, हे दुसराच ठरवत होता. ग्रंथालयातल्या फळीचे आणि गिरणीतल्या खात्याचे दुखणे एकच आहे.

या तऱ्हेने विचार करण्याला विद्वान लोक 'क्रिटिकल थिअरी', म्हणजे चिकित्सक सिद्धान्त, म्हणतात. जर्मनीत फ्रँकफुर्टला १९२३ मध्ये एक समाजसंशोधन संस्था निघाली. तिथले बरेच विद्वान ज्यू होते. १९३३ मध्ये हिटलर आला आणि त्यांना देश सोडावा लागला. १९३४ मध्ये त्यांना आसरा कोणी दिला? पुन्हा आपल्या बाबासाहेबांच्या कोलंबिया विद्यापीठाने! त्या संस्थेचे प्रमुख मॅक्स हॉर्कहायमर यांनी १९३७ मध्ये एक निबंध लिहून जुना सिद्धान्त आणि चिकित्सक सिद्धान्त यांतला फरक सांगितला. आमच्या अडाणी भाषेत त्याचे सार इतकेच की, ज्ञान आभाळातून पडत नाही. ते कोणत्या समाजात, कोणाच्या सोयीने तयार झाले हे विचारा, आणि विचारून थांबू नका, माणूस मोकळा कसा होईल ते बघा. हे आपल्याला नवीन नाही. तथागतांनी कालामांना ऐकीव गोष्टींवर विसंबू नका असे सांगितले, जोतीराव फुल्यांनी ग्रंथांची उलटतपासणी केली, बाबासाहेबांनी धर्मशास्त्रे पानोपान तपासली. आज जगातले काही ग्रंथपाल हाच प्रश्न आपल्या टेबलाला, आपल्या रजिस्टरला, आपल्या पाट्यांना विचारतात.

पाटीवरचे नाव बदलायला किती जोर लागतो, त्याचा एक ताजा दाखला. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या विषयसूचीत कागदपत्रांविना आलेल्या स्थलांतरितांसाठी 'बेकायदा परके' अशा अर्थाचे शब्द होते. २०१४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी ते बदला म्हणून मागणी केली. २०१६ मध्ये ग्रंथालयाने बदलायचे ठरवले, तर खासदार आडवे आले. शेवटी २०२१ मध्ये ते शब्द गेले. दोन शब्दांना सात वर्षे. आपल्याला आश्चर्य वाटायला नको. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ चा, आणि नाव लागले १४ जानेवारी १९९४ रोजी. मध्ये घरे जळली, माणसे गेली. नावात काय आहे असे आपल्याला कोणी विचारू नये.

वेगळे कपाट वाईटच का?

इथे एक शंका येईल. मग आपण 'दलित साहित्य' असे वेगळे नाव का घेतले? १९५८ मध्ये मुंबईत दलित साहित्याचे पहिले संमेलन का भरवले? शंका रास्त आहे. उत्तर न्यूयॉर्कमध्येच सापडते. आर्तुरो शॉम्बर्ग नावाचा पोर्तो रिकोचा माणूस. लहानपणी शिक्षकाने त्याला सांगितले की काळ्यांना इतिहास नसतो, अशी आठवण सांगतात. त्याने आयुष्यभर कृष्णवर्णीयांची पुस्तके, हस्तलिखिते, चित्रे गोळा केली. १९२६ मध्ये दहा हजार डॉलरच्या देणगीतून न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने तो संग्रह घेतला आणि हार्लेम वस्तीतल्या शाखेत ठेवला. तोही वेगळाच संग्रह. पण तो त्यांनी स्वतः, स्वतःच्या नावाने, अभिमानाने उभा केला. आपण बांधलेले घर आणि दुसऱ्याने नेमून दिलेला वाडा यांत फरक असतो. राहणारा तोच, पण किल्ली कोणाकडे, हा प्रश्न आहे. विहारातले कपाट हे आपले घर. आणि बाहेरच्या वाचनालयात अर्थशास्त्राच्या फळीवर बाबासाहेब असले पाहिजेत, हा आपला हक्क. दोन्ही पाहिजेत.

आता आमची चूक

इथपर्यंत दुसऱ्यांचे दोष सांगितले. आता स्वतःचा सांगतो, नाहीतर या लेखाला अर्थ नाही.

गिरणी बंद पडल्यावर हाताशी वेळ आला. विहाराच्या कपाटाची यादी आम्हीच केली आणि फळ्यांना पाट्याही आम्हीच लावल्या. पहिली फळी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर', दुसरी 'बुद्ध धम्म', तिसरी 'चळवळ', चौथी 'साहित्य', आणि शेवटची, जमिनीलगतची, 'इतर'. आम्हाला वाटले, काम चोख झाले.

एके दिवशी महिला मंडळातल्या एक मावशी नातीला घेऊन आल्या. मावशींना लिहिता-वाचता येत नाही. पाळण्यातल्या पोराला भीमगीते गाऊन त्यांनी सगळा इतिहास तोंडपाठ केला आहे. नात दहावीला. मावशी म्हणाल्या, "दादा, ह्यात आमच्या बायांचं काय हाय का? हिला दावायचंय."

आम्ही तिसरी फळी शोधली, चौथी शोधली. शेवटी वाकून जमिनीलगत बघितले. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' तिथे. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमचं' तिथे. शांताबाई कांबळे यांची 'माज्या जल्माची चित्तरकथा' तिथे. आंबेडकरी चळवळीत बायकांनी काय केले याचा १९८९ चा एवढा मोठा दस्तऐवज आम्ही 'चळवळ' या फळीवर ठेवला नव्हता. 'इतर' मध्ये टाकला होता, जुन्या पंचांगांच्या आणि पावतीपुस्तकांच्या शेजारी. ड्युईने बुद्धाला 'इतर' मध्ये घातले म्हणून आम्ही रागावलो होतो, आणि आमच्याच हाताने आमच्या आयाबहिणींना 'इतर' मध्ये घातले होते. कोणी सांगितले नव्हते. सहज, सवयीने झाले. त्या वाचनालयातले गृहस्थही बहुधा सवयीनेच बोलले असतील. ते त्या दिवशी आम्हाला कळले.

मावशी काही बोलल्या नाहीत. पुस्तके पदराने पुसली आणि नातीच्या हातात दिली. आम्ही त्याच संध्याकाळी पाट्या काढल्या.

म्हणून विनंती

मद्रासचे ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रे मांडली. त्यांत पुस्तक वापरासाठी असते, वाचकाला त्याचे पुस्तक आणि पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, असा भाव आहे. माळ्यावरच्या गोणीला वाचक मिळत नाही. मोबाईलवर पुस्तक आहे, कबूल. पण तिथेही शोधायला आधी नाव ठाऊक असावे लागते, आणि त्या मावशींच्या नातीला नाव ठाऊक नव्हते. तिला समोर कपाट लागले, आणि कपाटाशी बसलेला, चूक कबूल करणारा माणूस लागला.

तेव्हा विहार समितीला आमची नम्र सूचना अशी. लादी जरूर बसवा, पण कपाट विहारातच राहू द्या. चपलांपासून हलवून आत, खिडकीच्या उजेडात घ्या. किल्ली एकट्याच्या खिशात नको. एक महिला मंडळाकडे आणि एक तरुणांकडे द्या. पाट्या कोणत्या लावायच्या ते आम्ही एकट्याने ठरवणार नाही. एका रविवारी वंदनेनंतर सगळ्यांनी बसून ठरवावे, लहान मुलांनीसुद्धा. 'इतर' नावाची फळी ठेवू नये. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. पुढेमागे आपल्या वाचनालयाची त्याखाली नोंदणी करता येईल का, तेही सुशिक्षित तरुणांनी पाहावे. आणि आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घराने बाहेरच्या एखाद्या वाचनालयाचे सभासद व्हावे, तिथे जाऊन बाबासाहेबांचे अर्थशास्त्र अर्थशास्त्राच्या कपाटात मागावे. नम्रपणे मागावे, आणि मिळेपर्यंत मागावे. अलेक्झांड्रियाच्या त्या पाच पोरांनी तसेच मागितले होते.

राजगृहात बाबासाहेबांनी पोटाला चिमटा घेऊन हजारो ग्रंथ जमवले, आणि त्यांतले पुष्कळ पुढे सिद्धार्थ कॉलेजच्या ग्रंथालयात गेले. आज ज्या कोलंबियात ते विद्यार्थी म्हणून गेले, तिथल्या लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. पुतळ्यांचा आम्हाला अभिमान आहेच. पण पुतळा ग्रंथालयात आहे, ही गोष्ट आम्हाला जास्त मोलाची वाटते.

लेखात काही अधिकउणे असेल तर वडीलधाऱ्यांनी कान धरावा. पुढच्या बैठकीला सर्वांनी यावे, विशेषतः त्या मावशींनी यावे, आणि नातीलाही आणावे. कपाटाची पहिली पाटी तिच्या हस्ताक्षरात असावी, असे आम्हाला मनापासून वाटते.

नमो बुद्धाय! जयभीम!